दार सोडून भिंतीवरून

सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने न्यायालयात दिलेला एक अर्ज ‘फोर्ब्स’ या नियतकालिकाच्या हाती लागला. तो मोहोरबंद होऊन फायलीत जायचा होता. त्याआधीच त्याची बातमी झाली. अर्जातली मागणी साधी दिसते. ‘ऑब्सिडियन ४’ नावाचे मोबाइल अ‍ॅप १ ऑगस्ट २०१७ पासून ज्यांनी ज्यांनी आपल्या फोनवर उतरवून घेतले, त्या सर्वांची नावे, दूरध्वनी क्रमांक, इंटरनेटवरील पत्ते आणि त्यांनी ते अ‍ॅप केव्हा वापरले याच्या नोंदी अ‍ॅपल व गुगल या कंपन्यांनी सरकारच्या स्वाधीन कराव्यात, एवढेच सरकारचे म्हणणे होते.

हे अ‍ॅप बंदुकीच्या दुर्बिणीचे आहे. अमेरिकन टेक्नॉलॉजीज नेटवर्क नावाची कंपनी रायफलवर बसवायच्या, अंधारातही पाहू शकणाऱ्या दुर्बिणी बनवते. दुर्बिणीत जे दिसते ते फोनच्या पडद्यावर पाहणे, त्याचे चित्रण करणे आणि नेम जुळवून घेणे यासाठी हे अ‍ॅप होते. ते कोण वापरत असेल? टेक्सासमध्ये रानडुकरे शेतांची नासाडी करतात आणि तिथले लोक रात्री त्यांची शिकार करतात; असे शेतकरी, शिकारी, नेमबाजीचे शौकीन. त्यांच्यात एखादा बेकायदा धंदा करणाराही असेल. गुगलच्या दुकानातून हे अ‍ॅप दहा हजारांहून अधिक वेळा उतरवले गेल्याची नोंद होती. अ‍ॅपल असे आकडे जाहीर करीत नाही. म्हणजे एका अर्जाने दहा हजारांहून अधिक माणसांची नावे मागितली गेली, आणि त्यांतल्या कोणावरही व्यक्तिशः आरोप नव्हता.

सरकारची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. अशा दुर्बिणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणे अमेरिकेत गुन्हा आहे. त्या बेकायदा बाहेर जात असल्याचा संशय इमिग्रेशन व सीमाशुल्काची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याला होता. तपास दुर्बीण बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध नव्हता. दुर्बीण कुठे पोचली हे शोधायचे, तर ती जिथे जिथे फोनला जोडली गेली त्या जागा पाहाव्यात, असा तर्क होता. तर्क चुकीचा नाही. अंधारात पाहणारी बंदूक कोणाच्या हाती पडते यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. सरकारने याकडे डोळेझाक करावी असे आम्ही म्हणणार नाही.

शिवाय, ज्यांची नावे मागितली गेली त्यांच्याविषयी आम्हांला फारसे प्रेम नाही. त्याच वर्षी, १५ मार्च २०१९ रोजी, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात जुम्याच्या नमाजासाठी जमलेल्या लोकांवर अल-नूर मशिदीत आणि मग लिनवूडच्या इस्लामी केंद्रात गोळीबार झाला. एक्कावन्न माणसे मारली गेली. मारणाऱ्याजवळच्या बंदुका परवान्यावर घेतलेल्या होत्या. बंदुकीच्या शौकाला ‘हक्क’ म्हणणाऱ्या अमेरिकन माणसाची बाजू घ्यायला आमचे मन सहज तयार होत नाही. बंदूकवाल्यांची यादी सरकारकडे गेली तर गेली, आपले काय बिघडले, असा विचार मनात येतो. आमच्या मते नैतिक प्रश्न सुरू होतो तो इथेच. आपल्या माणसाचा हक्क सांभाळणे याला तत्त्व म्हणत नाहीत. ती आपुलकी झाली. तत्त्वाची परीक्षा नावडत्या माणसाच्या दारात होते.

गुन्ह्याचा शोध दोन दिशांनी घेता येतो. एक म्हणजे पुराव्याकडून माणसाकडे जाणे: अमुक पार्सल अमुक बंदरात पकडले, त्यावर अमुक दुकानाचा शिक्का आहे, म्हणून त्या दुकानाची विक्रीवही तपासायची आणि खरेदीदाराला प्रश्न विचारायचे. दुसरी दिशा म्हणजे गर्दीकडून माणसाकडे येणे: दहा हजार जणांना एका जाळ्यात ओढायचे, मग त्यांतून आपल्याला हवा तो मासा शोधायचा. पहिल्या रीतीत संशयाला आधी कारण लागते. दुसऱ्या रीतीत संशय आधी सर्वांवर घेतला जातो आणि कारण मागाहून शोधले जाते. निरपराध माणूस पहिल्या रीतीत तपासाबाहेर असतो. दुसऱ्या रीतीत तो तपासाचा कच्चा माल होतो.

हा भेद काही आजचा नाही. १७६३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने जॉन विल्क्सच्या पत्राचा एक अंक राजद्रोही ठरवला आणि त्याचे लेखक, मुद्रक, प्रकाशक यांना पकडण्याचे वॉरंट काढले. वॉरंटवर कोणाचेही नाव नव्हते. सरकारी माणसांनी पन्नासच्या आसपास लोकांना उचलले, घरे उलथीपालथी केली, कागदपत्रे पोत्यांत भरून नेली. न्यायालयांनी पुढे असे सरसकट वॉरंट बेकायदा ठरवले. अटलांटिकपलीकडे बोस्टनमध्ये त्याच्या दोनच वर्षे आधी, १७६१ साली, जेम्स ओटिस नावाच्या वकिलाने चोरटा माल शोधण्यासाठी कोणत्याही घरात घुसण्याची मुभा देणाऱ्या जकात-हुकुमांविरुद्ध न्यायालयात भाषण केले होते. चोरटा माल आणि जकात! म्हणजे अमेरिकन माणसाने सरकारी झडतीविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तोच मुळी सीमाशुल्काच्या प्रकरणात. त्या अनुभवातून १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती आली. झडतीसाठी सबळ कारण हवे, जागा कोणती आणि वस्तू किंवा व्यक्ती कोणती हे वॉरंटमध्ये नेमके लिहिलेले हवे, असा तिचा आशय आहे. आपल्या प्रकरणात कळीचा शब्द ‘नेमके’ हाच आहे.

मग सरकार अशी मागणी करू शकते ती कशाच्या बळावर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली स्मिथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात असे मानले की, टेलिफोन लावताना माणूस तो क्रमांक आपण होऊन कंपनीला कळवतो. म्हणून तो गुप्त राहील अशी अपेक्षा त्याला करता येत नाही. त्या काळी कंपनीजवळ कोणाकोणाला फोन केले याची यादी असायची. आज कंपनीजवळ माणसाचा सारा दिवस असतो: तो कुठे गेला, काय वाचले, कोणते औषध शोधले, कोणत्या वेळी जागा होता. २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात हे न्यायालयाच्याही लक्षात आले. त्या प्रकरणात पोलिसांनी एका माणसाच्या १२७ दिवसांच्या हालचालींचे १२,८९८ बिंदू मोबाइल कंपनीकडून मिळवले होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले की, अशा नोंदींसाठी वॉरंट हवे. पण कंपनीला दिले म्हणजे जगाला दिले, हा जुना समज त्या निकालाने पुरता मोडलेला नाही.

आमच्या परंपरेत या समजाला उत्तर देणारा शब्द आहे : अमानत. विश्वासाने, एका कामापुरती सोपवलेली वस्तू. ठेवणाऱ्याने ती कशासाठी ठेवली, तेवढ्यापुरताच सांभाळणाऱ्याचा तिच्यावर अधिकार. आणि ही अमानत केवळ मित्राची नसते. सन ६२२ मध्ये प्रेषित मुहंमद (स.) मक्का सोडून मदिनेला निघाले तेव्हाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मक्केतले लोक त्यांच्या जिवावर उठले होते. तरी त्याच शहरातल्या लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या, कारण ‘अल-अमीन’ म्हणून त्यांच्यावर शत्रूचाही विश्वास होता. त्या ठेवी ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. ज्यांनी घर सोडायला लावले त्यांच्या ठेवी! दुष्मनी होती म्हणून अमानतीचा नियम बदलला नाही. दुर्बिणीवाल्याने आपले नाव आणि क्रमांक नेम जुळवण्याच्या सोयीसाठी दिला. तो माणूस आम्हांला आवडो की न आवडो, त्याचे ते देणे अमानतच आहे.

याचा अर्थ अमानतीला सरकारने कधीच हात लावू नये असा नाही. सबळ कारण दाखवून, एका माणसापुरती, न्यायाधीशासमोर ती मागता येते. प्रश्न फक्त मागण्याच्या रीतीचा आहे. कुरआनच्या ४९ व्या सूरेतील १२ व्या आयतीत अतिसंशय, टेहळणी आणि पाठीमागची निंदा यांना एकापाठोपाठ मनाई आहे. आम्हांला हा क्रम अर्थपूर्ण वाटतो. आधी मनात संशय येतो, मग डोळे डोकावू लागतात, मग जीभ सैल सुटते. सरकारांचेही असेच होते. आधी एका समूहाविषयी शंका, मग त्याची यादी, मग ती यादी कुठे कुठे फिरते याला धरबंध राहत नाही.

हजरत उमर (र.) यांची एक कथा इमाम गझालींनीही सांगितली आहे. रात्री मदिनेत गस्त घालताना त्यांना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले. समोर एक माणूस, एक बाई आणि मद्य. खलिफांनी त्याला दटावले तेव्हा तो म्हणाला की, माझे पाप एक आहे, आपली तीन झाली : आपण टेहळणी केली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलामाशिवाय घरात शिरलात. तिन्हींना कुरआनात मनाई आहे. खलिफांनी ते मानले, त्याच्याकडून सुधारण्याचे वचन घेतले आणि ते निघून गेले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा किती टिकते हा विद्वानांचा विषय. समाजाने ती शतकानुशतके जपली, आपल्या सर्वांत कडक शासकाविषयी जपली, याला मोल आहे. त्या घरात गुन्हा खरोखरच घडत होता, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संशय खरा निघाला, तरी भिंत चढणे योग्य ठरले नाही.

‘ज्याला लपवायचे नाही त्याने का भ्यावे?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर याद्यांच्या इतिहासात आहे. अमेरिकेच्या जनगणनेतली माहिती गुप्त राहील असे कायद्याने दिलेले वचन होते. दुसऱ्या महायुद्धात ते वचन शिथिल करण्यात आले. १९४२ साली जपानी वंशाचे लोक कोणत्या वस्तीत किती आहेत याचे आकडे जनगणना खात्याने पुरवले आणि सुमारे एक लाख वीस हजार माणसे छावण्यांत डांबली गेली. राजधानी वॉशिंग्टनमधल्या अशा लोकांची नावे आणि पत्तेही १९४३ मध्ये दिले गेले होते, हे संशोधकांनी २००७ साली कागदपत्रांवरून दाखवून दिले. जनगणनेचा फॉर्म भरताना त्या लोकांनी काय लपवले होते? काहीच नाही. त्यांनी खरे सांगितले होते, तेच त्यांना भोवले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अशा याद्यांवर मुसलमानांची नावे आली. २००२ पासून पंचवीस देशांच्या पुरुषांना अमेरिकेत नोंदणी करावी लागे. उत्तर कोरिया सोडला तर हे देश जवळपास सगळेच मुस्लिमबहुल. ऐंशी हजारांहून अधिक लोक सरकारी कचेऱ्यांत आपण होऊन हजर झाले, बोटांचे ठसे दिले. हजारो जणांवर देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात त्या नोंदणीतून एकालाही शिक्षा झाली नाही. २०११ मध्ये ती थांबवली गेली आणि २०१६ च्या डिसेंबरात तिचे नियमच रद्द झाले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी मशिदी, चहाची दुकाने, विद्यार्थ्यांच्या संघटना यांवर पाळत ठेवली होती, हे २०११ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी बाहेर काढले. ते पथक २०१४ मध्ये बरखास्त झाले.

आणि मग मोबाइल अ‍ॅप. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘व्हाइस’च्या ‘मदरबोर्ड’ने एक बातमी दिली. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे अ‍ॅप जगभरात नऊ कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. ते वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या दलालाकडे जात होती आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकन लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर अ‍ॅपच्या मालकांनी एक्स-मोडशी संबंध तोडले. त्याच डिसेंबरात अ‍ॅपल आणि गुगलने एक्स-मोडची प्रणाली अ‍ॅपमधून काढून टाकायला लावली.

आता ही दोन अ‍ॅप शेजारी ठेवून पाहावीत. एकात बंदुकीचा नेम, दुसऱ्यात किब्ल्याची दिशा. दोन्ही वापरणारे एकमेकांशी बहुधा बोलणारही नाहीत. पण दोघांकडे पाहणारा डोळा एकच आहे. फरक एवढाच की, बंदूकवाल्यांची यादी मागायला सरकारला निदान न्यायाधीशापुढे अर्ज करावा लागला. नमाजी माणसाचा ठावठिकाणा बाजारात पैसे मोजून मिळत होता. तिथे अर्ज नाही, न्यायाधीश नाही, नाही म्हणणारा कोणी नाही. अर्ज करणे ही निदान दाराची कडी वाजवणे तरी होते. माहिती विकत घेणे म्हणजे भिंतीवरून उतरणेच. बंदूकवाल्यांच्या बाबतीत कडी वाजवून सारे गावच उघडायला सांगितले गेले, हा तिथला दोष. दुर्बिणीवाल्यांच्या प्रकरणात आम्ही गप्प बसलो, तर किब्ल्याच्या प्रकरणात तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

इथे एक आक्षेप रास्त आहे. बंदुका कोणाजवळ आहेत हे सरकारला ठाऊक असायलाच हवे. मग यादीला विरोध का? आमचाही बंदुकांच्या नोंदणीला विरोध नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि तो लागावा हेच योग्य. अमेरिकेत मात्र १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही करण्याची मनाई आहे. ती मनाई शहाणपणाची आहे का, यावर वाद घालता येईल. पण संसदेत जी नोंदवही करता येत नाही, तिचा एखादा तुकडा अ‍ॅपच्या मागच्या दाराने जमवणे हा त्या वादावरचा उपाय नव्हे. परवान्यात माणसाला माहीत असते की आपण सरकारला काय सांगत आहोत, कशासाठी आणि कोणत्या कायद्याखाली. दुर्बिणीचे अ‍ॅप उतरवताना त्याला यातले काहीच माहीत नसते.

दाराने जाण्याची रीत न्यूझीलंडने दाखवली. क्राइस्टचर्चनंतर महिन्याभरात, १० एप्रिल २०१९ रोजी, तिथल्या संसदेने एकशे एकोणीस विरुद्ध एक अशा मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. लोकांकडच्या बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. पुढे २०२३ पासून शस्त्रांची नोंदवही सुरू केली. हे सारे उघड, सर्वांना सारखे आणि चर्चा करून. त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल आयोगाने २०२० मध्ये दोन गोष्टी नोंदवल्या, त्या इथे मोलाच्या आहेत. मारेकऱ्याला परवाना देताना त्याची शिफारस करणाऱ्यांची चौकशी पोलिसांनी नियमाप्रमाणे केली नव्हती. आणि देशाच्या गुप्तचर यंत्रणांनी आपले बळ अवाजवी प्रमाणात मुस्लिम अतिरेकाच्या धोक्यावर लावले होते. दुसऱ्या चुकीमुळेच हल्ला टळला नाही, असे आयोगाने म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणत नाही. पण एका समूहावर डोळे रोखलेले असताना दारात उभ्या असलेल्या एका माणसाला दोन साधे प्रश्न नीट विचारायचे राहून गेले, हे खरे आहे. सरसकट पाळतीने सुरक्षितता वाढतेच, या समजुतीविषयी शंका घ्यायला एवढे पुरेसे आहे.

दुर्बिणीच्या तपासालाही दाराची वाट होती. ज्या देशांत माल गेल्याचा संशय आहे तेवढ्याच देशांतल्या नोंदी मागायच्या. नावे आधी न मागता ठिकाणे मागायची, आणि संशय पक्का झाला त्या माणसाचेच नाव न्यायाधीशाकडून मिळवायचे. ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्या नोंदी ठरल्या मुदतीत पुसून टाकायच्या. याने तपास थोडा मंदावेल, हे आम्ही मान्य करतो. स्वातंत्र्याची काही किंमत असते आणि ती अशा मंदपणात मोजावी लागते.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, ही कसोटी त्या निकालातून पुढे आली. ‘प्रमाणात’ हा शब्द आमच्या ‘नेमके’चाच सख्खा भाऊ. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण राष्ट्रीय सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने त्याच कायद्यात स्वतःजवळ ठेवला आहे. न्यायालयाने दाराला कडी बसवली आणि कायद्याने भिंतीला शिडी लावून ठेवली, असे आम्हांला दिसते. अशा देशात अमेरिकेतले दुर्बिणीचे प्रकरण परके मानून सोडून देण्याची चैन आम्हांला परवडणारी नाही.

यादी मुळात निर्जीव असते. तिला न्याय कळत नाही, दयामाया कळत नाही. ती कोणाच्या हाती आहे यावर तिचा अर्थ ठरतो, आणि सरकारे बदलली तरी याद्या राहतात. म्हणून यादी होण्यापूर्वीच प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न आपले नाव यादीवर असताना तर सगळेच विचारतात. ज्याच्या हातात बंदूक आहे, ज्याचे विचार आम्हांला पटत नाहीत, ज्याने आमच्यासाठी कधी तोंड उघडले नसते, त्याच्या नावाआधीही आम्ही तो विचारला पाहिजे. तो माणूस दोषी निघाला तर त्याला शिक्षा जरूर व्हावी. पण त्याच्यापर्यंत जाणारा माणूस त्याच्या दारातूनच आत गेला पाहिजे.